बंद नळी, खुली दुरुस्ती

गाडी दहा-बारा वर्षांची होते. इंजिन ठणठणीत असते, रंगही बरा असतो. पण डिकीचे दार वर ढकलले की ते क्षणभर थांबते आणि सावकाश डोक्यावर येऊ लागते. मग कोणी डिकीत एक काठी ठेवून देतो, कोणी एका हाताने दार तोलत दुसऱ्या हाताने पिशव्या काढतो, आणि शेवटी गॅरेजवाला निकाल देतो, "शॉकअप गेलेत, जोडी बदलावी लागेल." ही जोडी म्हणजे दाराच्या दोन बाजूंच्या काळ्या नळ्या आणि त्यांतून आत-बाहेर सरकणारे चकचकीत दांडे. त्यांना ना कुठे नट असतो, ना तेल भरायला भोक. उघडू नका, अशी ताकीद मात्र नळीवरच छापलेली असते. पूर्वी वस्तू दुरुस्त व्हायच्या, आता फेकाव्या लागतात, ही आपल्याकडची नेहमीची हळहळ. या बंद नळीकडे बोट दाखवले की ती सिद्ध झालीच, असे वाटते. नळीचा इतिहास मात्र या हळहळीच्या बाजूने साक्ष देत नाही. एखादा भाग उघडता येतो की नाही, यावर दुरुस्ती कोणाच्या हाती राहते हे ठरत नाही. तो भाग गाडीला कसा जोडला आहे आणि बाजारात कोणाला मिळतो, यावर ते ठरते. या दोन्ही कसोट्यांवर ही न उघडणारी नळी जुन्या पोलादी स्प्रिंगपेक्षा मालकाच्या जास्त जवळची ठरली आहे.

मोटारीच्या पहिल्या काळात झाकण तोलून धरण्याचा प्रश्नच नव्हता. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीचे बॉनेट पातळ पत्र्याचे, मध्यावर बिजागरी असलेले होते. एका बाजूची खिटी काढायची, तो पत्रा उचलून दुसऱ्या बाजूवर दुमडायचा, की इंजिन समोर. पत्रा हलका होता आणि उघडल्यावर आपल्या जागी पडून राहत होता. पुढे गाड्या रुंद झाल्या आणि दोन बाजूंच्या पत्र्यांऐवजी मागे बिजागरी असलेले, मगरीच्या जबड्यासारखे उघडणारे अखंड बॉनेट आले. आता काही किलोंचे पोलाद मेकॅनिकच्या मानेवर लटकू लागले. त्यावर दोन उपाय निघाले. स्वस्त गाड्यांना एक साधा दांडा दिला गेला. महागड्या आणि अवजड गाड्यांना, विशेषतः अमेरिकेत, बिजागरीतच जाड पोलादी स्प्रिंग बसवली गेली. मागच्या डिकीला पीळ दिलेल्या पोलादी सळ्या आल्या. ही व्यवस्था टिकाऊ होती, यात वाद नाही. गाडी भंगारात जाईपर्यंत अशी सळी आपले काम करत राहते. पण ताणलेली स्प्रिंग बिजागरीतून काढणे हे मालकाच्या हातचे काम कधीच नव्हते. तिला आकड्याने ओढावे लागे, ती निसटली तर बोटे चेचत, आणि बसवण्यापूर्वी स्प्रिंगच्या वेढ्यांत वॉशर अडकवून तिला ताणलेल्या अवस्थेत धरून ठेवण्यासारख्या युक्त्या ठाऊक असाव्या लागत. शिवाय डिकीच्या झाकणाला धरणारे बाकदार हात बंद होताना आत शिरत आणि सामानाची जागा खात. जुनी व्यवस्था टिकाऊ होती, पण ती मालकाला खुली होती, असे नाही.

पोलादाऐवजी दाबलेल्या वायूची स्प्रिंग करायची, ही कल्पना मोटारीतून आलेली नाही. ती तोफेतून आली. फ्रान्सच्या ७५ मिलिमीटर तोफेत, म्हणजे १८९७ च्या नमुन्यात, गोळा सुटताच मागे सरकणारी नळी तेल आणि दाबलेली हवा यांच्या जोरावर झेलली जाई आणि पुन्हा जागेवर आणली जाई. तोफगाडा जमिनीवर स्थिर राही, दर गोळ्यानंतर नेम नव्याने धरावा लागत नसे. हवा हे स्प्रिंगचे काम करते आणि तेल तिचा आवेग आवरते, हे दोन पदार्थांतले श्रमविभाजन तिथे स्पष्ट दिसते. डिकीच्या नळीतही नेमके तेच आहे. मग ही नळी घराघरांतल्या गाडीत यायला साठ-पासष्ट वर्षे का लागली? अडचण तत्त्वाची नव्हती, गळतीची होती. सरकणाऱ्या दांड्याच्या कडेने मोठ्या दाबाचा वायू वर्षानुवर्षे निसटू द्यायचा नाही, आणि तेही स्वस्तात मिळणाऱ्या वस्तूत, हे चामड्याच्या किंवा नैसर्गिक रबराच्या पॅकिंगला झेपणारे नव्हते. तेलाने फुगून खराब न होणारे नायट्राइल रबर जर्मनीत १९३० च्या दशकात तयार झाले. जन्माने डॅनिश असलेल्या निल्स क्रिस्टेन्सन यांना रबरी ओ-रिंगचे अमेरिकी पेटंट १९३९ साली मिळाले. दांडे आरशासारखे घासून त्यांच्यावर कठीण मुलामा चढवणे दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांच्या अंगवळणी पडले. त्यानंतरच दाबाखालचा वायू रोजच्या वापराच्या गाडीत शिरला. १९५५ च्या सित्रोएन डीएसमध्ये नायट्रोजन भरलेले गोळे चाकांच्या स्प्रिंगचे काम करू लागले. फ्रेंच अभियंता ख्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बाँ यांच्या कल्पनेवर उभे राहिलेले, वायूच्या दाबाखाली तेल ठेवणारे बिल्स्टाइनचे शॉक अॅब्झॉर्बर १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांना बसू लागले. आणि ऱ्हाइन व मोझेल नद्यांच्या संगमावरच्या कोब्लेन्झ गावी, १९३४ पासून चालत आलेल्या स्टॅबिलस या कंपनीने १९६२ साली वायुस्प्रिंगचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले.

त्याच दशकात युरोपात गाडीची मागची बाजू बदलत होती. १९६१ ची रेनो ४, १९६५ ची रेनो १६ आणि पुढे १९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ या गाड्यांनी मागची काच आणि डिकीचे झाकण एक करून टाकले आणि त्याची बिजागरी छतावर नेली. रेनो ४ रस्त्यावर आली तेव्हा कोब्लेन्झचे उत्पादन सुरूही झाले नव्हते; म्हणजे हॅचबॅकचा जन्म वायुस्प्रिंगमुळे झाला, असे म्हणता येणार नाही. पण सामान्य माणूस एका हाताने उघडेल असे दार तिने शक्य केले. हे का, ते हिशोबातून दिसते. समजा, दार २५ किलोंचे आहे आणि त्याचा भार बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर पडतो. नळी बिजागरीच्या जवळ जोडलेली, तिला तरफेचा हात मिळतो जेमतेम दहा सेंटिमीटर. म्हणजे दार तोलायला पाचपट, सव्वाशे किलोंचा रेटा हवा. दोन नळ्यांत वाटला तर प्रत्येकी साठ-बासष्ट किलो. हा रेटा दार पूर्ण वर असतानाही टिकला पाहिजे. पोलादी स्प्रिंगची अडचण इथेच येते: ती दबलेली असताना जोरात ढकलते आणि सैल होत जाईल तशी ढिली पडते, म्हणजे दार वर जाताना ऐन गरजेच्या वेळी तिचा जोर ओसरतो.

नळीच्या आतली रचना या दुखण्यावर बेतलेली आहे. नळीत नायट्रोजन दाबून भरलेला असतो, कारण तो कोरडा, स्वस्त आणि कशाशीही न भांडणारा वायू आहे. दांड्याच्या टोकाच्या दट्ट्याला बारीक छिद्र असते, त्यामुळे दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच असतो. मग दांडा बाहेर का ढकलला जातो? कारण दट्ट्याच्या एका बाजूची जितकी जागा दांड्याने व्यापलेली असते तितक्या जागेवर वायूला जोर लावता येत नाही. दोन बाजूंतला तेवढाच फरक दांड्याला बाहेर रेटतो. आठ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा छेद भरतो सुमारे अर्धा चौरस सेंटिमीटर. त्यातून साठ-बासष्ट किलोंचा रेटा हवा, तर आतला दाब चाकातल्या हवेच्या पन्नास-साठपट ठेवावा लागतो. दांडा आत गेला तरी वायूची जागा फक्त त्या बारीक दांड्यापुरती कमी होते. म्हणून पूर्ण दबलेल्या आणि पूर्ण उघडलेल्या नळीच्या जोरात पोलादी स्प्रिंगइतकी तफावत पडत नाही. नळीत थोडे तेलही असते. ते दार उघडण्याच्या शेवटी झटका बसू देत नाही आणि रबरी सील ओले ठेवते. दार बंद असताना दांडा खालच्या बाजूला राहील अशी नळी बसवतात ती यासाठीच. उलटी बसवली तर तेल सीलपासून दूर राहते, रबर सुकते आणि नवी नळी अकाली निकामी होते.

या वर्णनातच नळीच्या मरणाचे कारण आहे. जे सील सापडल्यामुळे ती जन्माला आली, त्याच सीलच्या कडेने आणि काही प्रमाणात रबराच्या आरपारही वायू थोडा थोडा निघून जातो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत दांड्यावर गंजाचे बारीक खड्डे पडले, किंवा डिकीतले सामान घासून त्याच्यावर ओरखडा उमटला, की प्रत्येक उघडझाप सीलला कानशीसारखी खरवडते. तापमानाचाही वाटा आहे: वायू दहा अंशांनी थंड झाला की जोर सुमारे साडेतीन टक्क्यांनी उतरतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात ४५ अंशांना दार तोलून धरणारी थकलेली नळी डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना अकरा टक्के जोर गमावून बसते. नळी एका रात्रीत बिघडत नाही. तिचा कित्येक महिने चाललेला ऱ्हास थंडीत उघड होतो, इतकेच.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. सित्रोएनच्या नायट्रोजनच्या गोळ्यांना वायू भरण्यासाठी पेच होता, आणि सुरुवातीचे गोळे दोन अर्ध्यांत उघडून आतला रबरी पडदाही बदलता येई. कारखान्यांतल्या यंत्रांसाठी झडप असलेल्या वायुनळ्या आजही मिळतात. मग गाडीच्या नळीलाच झडप का नाही? विक्री चालू राहावी म्हणूनच ना? बंद नळी बनवणाऱ्याच्या फायद्याची आहे, हे खरे. पण झडप म्हणजे गळण्याची आणखी एक जागा. आणि वायू पुन्हा भरला तरी ज्या सीलमधून तो गेला ते सील तसेच राहते. पुन्हा भरायला नायट्रोजनचा सिलिंडर, दाबमापक आणि एवढा मोठा दाब हाताळण्याची समज लागते. म्हणजे काम मालकाकडून विशेष कारागिराकडे जाते. नळीला भोक पाडून झडप जोडण्याचे खटाटोप करणारे आहेत, पण एवढ्या दाबाखालचे पोलाद उघडताना जोखीम बोटांची आणि डोळ्यांची असते. सित्रोएनचा गोळा दुरुस्त होत असे, पण ते काम करणारा खास गॅरेजवाला शोधावा लागे. उघडता येणारी वस्तू आणि आपल्याला दुरुस्त करता येणारी वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी प्रीमियर पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अॅम्बॅसॅडर यांच्या काळात मेकॅनिक काहीही दुरुस्त करी, असे सांगितले जाते, आणि ते बहुतांशी खरे आहे. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला किट टाकले जाई, डायनॅमो पुन्हा गुंडाळला जाई, कार्बोरेटर खोलून साफ होई, झिजलेल्या पिनेला लेथवर नवे बुश मिळे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा मुंबईच्या कुर्ल्यात नमुना दाखवला की तसाच भाग तयार करून देणारे हात होते. पण हे कसब फुलले ते टंचाईत. परवान्यांच्या राज्यात गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे, आयात भाग मिळणे दुरापास्त होते आणि मजुरी भागापेक्षा स्वस्त होती. अशा वेळी जुना भाग जगवणे हाच व्यवहार होता. त्या कारागिरांच्या हुशारीला यामुळे कमीपणा येत नाही. पण ती व्यवस्था मालकाला स्वावलंबी करत होती, असा अर्थ काढणे चूक. पद्मिनीचा मालक आपल्या मिस्त्रीशी बांधलेला असे. कोणता भाग खरोखर गेला, किती पैसे रास्त, काम नीट झाले की नाही, हे ठरवायला त्याच्याकडे मिस्त्रीच्या शब्दाखेरीज काही नसे.

हॅचबॅक आपल्याकडे रुजली ती डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० च्या विक्रीपासून. १९९८ साली सँट्रो, मॅटिझ आणि पुण्याची इंडिका पाठोपाठ आल्या. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपर्यंतच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचे उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले आणि आखूड गाडी बांधण्याला सरकारी बक्षीसच लागले. आखूड गाडीत सामान ठेवायचे, तर छतापासून उघडणारे मागचे दार सोयीचे. आणि ते दार आले की त्याच्याबरोबर नळ्यांची जोडी आली. याच गाड्यांचे बॉनेट उघडून पाहावे. तिथे बहुतेकदा अजूनही मॉडेल टीनंतरच्या पिढीतला साधा दांडा आहे. बॉनेटला वायुनळ्या मिळतात त्या वरच्या किमतीच्या गाड्यांत. बनवणाऱ्याला बंद नळी विकण्याचाच सोस असता, तर त्याने ती पुढेही लावली असती. पण बॉनेट उघडते गॅरेजमध्ये, कधीमधी. डिकी उघडते रोज, बाजारहाटाला, प्रवासाला, आणि उघडणाऱ्याचा एक हात बहुधा सामानाने अडकलेला असतो. पैसा तिथे खर्च झाला जिथे मालकाचा हात रोज पडतो. हा उपकार नव्हे, विक्रीचा हिशोब आहे. पण त्या हिशोबाने काठी नेमकी कुठे ठेवावी आणि नळी कुठे द्यावी, हे बरोबर ओळखले.

आता बदलण्याचे काम जवळून पाहावे. जुन्या नळीवर एक क्रमांक आणि जोराचा आकडा न्यूटनमध्ये छापलेला असतो. ४५० एन म्हणजे साधारण ४६ किलोंचा रेटा. हा आकडा, पूर्ण उघडलेल्या नळीची लांबी आणि दोन टोकांच्या वाट्यांचे माप घेऊन पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत गेले, की कंपनीची किंवा दुसऱ्या बनावटीची जोडी मागता येते. दार दुसऱ्या माणसाने किंवा भक्कम लाकडाने धरायचे. इथे हलगर्जी चालत नाही. टोकाच्या वाटीवर एक पातळ पोलादी पट्टी असते. बारीक पेचकस तिच्याखाली घालून ती जराशी उचलायची, पूर्ण काढायची नाही, की वाटी गोल बोंडावरून निघून येते. नवी नळी दार बंद झाल्यावर दांडा खाली येईल अशी धरायची, वाटी बोंडावर टेकवून तळहाताने दाबायची. टक् असा आवाज आला की बसली. दोन्ही बाजू एकदमच बदलायच्या, कारण एक ताजी आणि एक थकलेली नळी दाराला तिरके ओढतात आणि त्याचा त्रास बिजागरीला होतो. जास्त जोराची नळी म्हणजे चांगली, हाही गैरसमज. दार बंद करताना पत्र्यावर आणि बिजागऱ्यांवर नको तितका ताण येतो. सारे मिळून काम काही मिनिटांचे आहे. ना लेथ लागते, ना उस्ताद, ना स्प्रिंग ओढायचा आकडा. स्प्रिंगच्या बिजागरीशी हे ताडून पाहिले की टिकाऊ भाग कारागिराच्या ताब्यात होता आणि मर्त्य भाग मालकाच्या ताब्यात आला, हे मान्य करावे लागते.

उरतो कचऱ्याचा आक्षेप, आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. दर काही वर्षांनी पोलादाच्या दोन नळ्या, थोडे तेल आणि रबर टाकून द्यावे लागते, आणि वायू न सोडता ती नळी भंगारवाल्याच्या गॅस कटरखाली गेली तर अपघात होऊ शकतो. जुन्या सळीला हा दोष नव्हता. परंतु या दोन नळ्यांमुळे दहा-बारा वर्षांची गाडी आणखी काही वर्षे बिनत्रासाची राहत असेल, तर एका लहान भागाचा मृत्यू मोठ्या वस्तूचे आयुष्य वाढवतो, हेही त्याच हिशोबात धरले पाहिजे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते आणि महाराष्ट्रात तेव्हा हरित करही भरावा लागतो. त्या टप्प्यावर गाडी ठेवावी की काढावी, हा निर्णय अनेकदा इंजिनापेक्षा अशा किरकोळ कटकटींच्या बेरजेवर होतो.

दुरुस्तीचा हक्क खरा कुठे हरवतो, हे आपल्याच देशातल्या एका निकालाने दाखवले आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या आदेशावर पुढे अपिले चालली. आयोगाचा आक्षेप भाग बंद असण्यावर नव्हता. अस्सल भाग, तपासणीची साधने आणि माहितीपुस्तिका बाहेरच्या गॅरेजांना खुल्या बाजारात मिळत नाहीत, यावर होता. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे जे संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे, तो याच कारणाने. डिकीची नळी या कसोटीवर उत्तीर्ण होते: तिचे माप तिच्या अंगावर लिहिलेले असते, ती अनेक जण बनवतात, आणि ती बसवायला कोणाची परवानगी लागत नाही. तिच्या जागी आता महागड्या गाड्यांत बटणावर उघडणारे विजेचे दार येत आहे. त्यातही स्प्रिंग आहे, पण सोबत मोटर, संवेदक आणि नियंत्रक आहे, आणि अनेक गाड्यांत भाग बदलल्यावर नियंत्रकाला दाराच्या हद्दी नव्याने शिकवाव्या लागतात. त्याची रीत आणि साधन ज्याच्याकडे, दुरुस्ती त्याच्याकडे. पद्मिनीच्या मालकाला जसे मिस्त्रीच्या शब्दावर चालावे लागे, तसे या मालकाला कंपनीच्या संगणकावर चालावे लागेल. म्हणून पुढची मागणी प्रत्येक नळीला झडप हवी, अशी असण्यात अर्थ नाही. भागाची मापे छापलेली असावीत, जोडणी साध्या हत्याराने सुटावी, तो भाग एकाहून अधिक ठिकाणी मिळावा आणि बसवल्यावर गाडीने तो निमूट स्वीकारावा, या चार अटी कायद्यात आणि खरेदीच्या वेळच्या प्रश्नांत आणल्या, तर बंद भागाचे भय बाळगण्याचे कारण उरणार नाही.